स्वयंपाकघरात ऐकू येईल असा कीबोर्ड

माझ्या सासूबाईंबद्दल कुणी वाकडं बोललेलं मला खपत नाही. तो हक्क माझा आहे, आणि मी तो रोज बजावते.

लग्न होऊन मी पुण्याहून बंगळूरला आले, तेव्हा पहिल्याच सकाळी अंथरुणात दचकून उठून बसले. मला वाटलं, घराच्या पत्र्यावर कुणी दगड मारतंय. प्रणीत, म्हणजे माझा नवरा, कूस बदलून म्हणाला, "झोप गं. अक्काचा क्लास आहे." बाहेरच्या खोलीत एका रांगेत टाइपरायटर मांडलेले, त्यांच्यापुढे मुलं-मुली बसलेली, आणि सगळे एकदम बडवतायत. उजाडलंसुद्धा नव्हतं नीट.

अक्का म्हणजे त्याची आई, वसुमती. आमच्या बसवनगुडीत त्यांना काकू-बिकू कुणी म्हणत नाही. मुलगा अक्का म्हणतो, भाजीवाला अक्का म्हणतो, मग मीही अक्काच म्हणायला लागले. यांचं घराणं शेकडो वर्षांपूर्वी इकडे आलं ते इथलंच झालं. घरात मराठी बोलतात, पण त्यात 'थोडं'ला 'स्वल्प' आणि 'बरं'ला 'सरी' अशी कन्नड पेरणी असते. सुरुवातीला मी नाक मुरडायचे. आता फोनवर माझ्याच तोंडून 'सरी' निघतं आणि पुण्यात आई गप्प बसते.

तर क्लास. गंमत अशी की क्लास अक्कांचा, पण अक्का क्लासमध्ये नसायच्याच. त्या असायच्या स्वयंपाकघरात, मडीत. मडी म्हणजे आपलं सोवळं. सासरे, अण्णा, सकाळी पूजेला बसायचे. त्यांच्या नैवेद्याचा स्वयंपाक अक्का आंघोळ करून, वेगळं वाळत घातलेलं लुगडं नेसून करायच्या, आणि नैवेद्य होईपर्यंत कुणाला शिवायच्या नाहीत. मला नाही, पोटच्या मुलाला नाही, कुणालाच नाही. मी नवी सून, पहिल्या दिवशी नमस्काराला वाकले, तर बाई चटकन मागे सरल्या. "मडीत आहे मी. लांबूनच कर." मला हे सोवळं-ओवळं पटत नाही, आणि मी ते तेव्हाच सांगून टाकलं. अक्का म्हणाल्या, "पटवून घे म्हणून कोण म्हणालं तुला? लांब उभी राहा, झालं."

आणि मुलं यायची ती नेमकी त्याच वेळेला, कारण त्यांना पुढे कॉलेज, ऑफिस. मग अक्का शिकवायच्या कशा? कानाने.

खोटं सांगत नाही. इकडे सारावर फोडणी चुरचुरतेय, देवघरात अण्णांची घंटा वाजतेय, बाहेर सगळी मशिनं खडखडतायत, आणि त्या गदारोळातून अक्का चुलीसमोरून ओरडायच्या, "खिडकीजवळ कोण आहे? डावी करंगळी झोपली तुझी!" खिडकीजवळचा पोरगा कागद बघायचा, तर करंगळीने मारायचं अक्षर खरंच फिकट उमटलेलं. कधी म्हणायच्या, "अरे, घरी भांडून आलास का? किती आपटतोस! मशिनने काय केलंय तुझं?" आणि तो खरंच भांडून आलेला असायचा. माझ्याकडे पुण्याचं टायपिंगचं सर्टिफिकेट होतं, तेही पहिल्या श्रेणीचं. एका रविवारी जरा ऐट दाखवावी म्हणून मी मशिनवर बसले. एक ओळ होते न होते तोच आतून आवाज आला, "मनस्विनी, तिसऱ्या बोटाला बघ स्वल्प. दुसऱ्याच्या जिवावर जगतंय ते." मी उठलेच तिथून. राग आला होता, पण खरं सांगायचं तर मनातून मी हात जोडले होते.

नव्वद साल उलटून बरेच दिवस झाले आणि जो तो काँप्युटरच्या मागे लागला. अक्कांकडची मुलं जयनगरच्या चकचकीत क्लासांना जायला लागली. एकेक मशिन रेक्झिनच्या टोपीखाली झाकलं गेलं. शेवटी नियमाने येणारी एकटी कौशल्या उरली.

कौशल्या बंगळूरच्याच शिवाजीनगरची. इथल्याच जुन्या मराठ्यांच्या घरातली, पदरात दोन मुली. सासऱ्यांचं शाळेचे गणवेश शिवायचं दुकान होतं, ते तयार कपड्यांपुढे बसलं, आणि नवरा हताश होऊन घरात बसला. इंदिरानगरच्या एका कंपनीत बिलं काँप्युटरवर चढवायला बायका घेणार होते. दसऱ्यानंतर परीक्षा. अक्षरं कमी, आकडेच जास्त, आणि चूक झाली की घरी. अक्कांनी तिला शब्द दिला, "तू पास होईस्तोवर शिकवते. काँप्युटर आणते घरात." आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "ही पास झाली तर क्लास चालेल. नाहीतर मला आता काही येत नाही असं समजायचं."

प्रणीतने आपल्या ओळखीत काँप्युटर आणला. कसला खूश होता! "अक्का, कीबोर्ड बघ, एकदम मऊ. आवाजच नाही! अण्णांच्या पूजेत आता खटखट नको." अण्णांनी मान डोलावली. मीही म्हटलं, चला, सकाळची झोप तरी होईल.

झोप कसली होतेय. घर असं सुनं झालं की मला भल्या पहाटे आपोआप जाग यायची. अण्णांचं पूजेत लक्ष लागेना. इतकी वर्षं देवसुद्धा खटखटीतच बसलेले. बाहेर कौशल्या त्या मऊ कीबोर्डवर बोटं चालवायची, आत अक्का भाजी परतायच्या, आणि मध्ये नुसती शांतता. अक्का झारा हातात धरून कान देऊन उभ्या राहायच्या, मग परत भाजीकडे वळायच्या. ओरडणं नाही, रागावणं नाही, काहीच नाही.

आणि कौशल्याने त्याचा भलताच अर्थ घेतला. अक्का रागावत नाहीत म्हणजे आपलं चुकत नाही! या क्लासचा तोच तर कायदा होता. एके दिवशी ती येताना पेढे घेऊन आली. म्हणाली, "अक्का, इतक्या दिवसांत एकदा पण बोलला नाहीत मला. माझा हात बसला!" तिचा चेहरा इतका उजळलेला होता की अक्कांना काही बोलवेना. त्या दिवशी नैवेद्य झाल्यावर अक्का बाहेर आल्या, तिने टाइप केलेलं पडद्यावर वाचायला बसल्या. मी मागे उभी होते. चुकाच चुका. सगळ्या एकाच जातीच्या: डाव्या करंगळीचं अक्षर जागोजाग गायब, आणि आकड्यांत तर सात मारायला जावं आणि चार उमटावा असा सावळागोंधळ.

कौशल्याचा चेहरा उतरला. अक्का तिला रागावल्यासुद्धा नाहीत. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "मला काही ऐकूच आलं नाही, मनस्विनी. माझे कान गेले." आणि थोड्या वेळाने, "आयुधपूजेला मशिनांना हार घालू, आणि दुसऱ्या दिवशी क्लासचा बोर्ड उतरवू. कौशल्याला जयनगरला पाठव. दसरा झाला की तिची परीक्षा आहे, तिचं नुकसान नको."

ही बाई बोर्ड उतरवणार? जिच्या शिव्या खायला माणसं बस बदलून यायची ती? मला असा संताप आला की विचारू नका. कुणावर, ते मात्र कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का स्वयंपाकघरात असताना मी बाहेरच्या खोलीत, पार दारापाशी गेले आणि भिंतीकडे तोंड करून अगदी पुटपुटले, "आजच्या सारात मीठ नाही वाटतं."

आतून ताबडतोब आलं, "न चाखता कळलं का तुला? मोठी आली पुण्याची!"

मी तिथल्या तिथे हसत सुटले. कान कसले जातायत! कान शाबूत होते. ऐकण्यासारखं काही त्या कीबोर्डात नव्हतं. मी प्रणीतला गाठलं. "तू आणलंयस ते कीबोर्ड नाही, रबराची चपाती आहे. ती बोटाखाली दबते आणि गप्प बसते. तुझ्या आईला त्यातून काय ऐकू येणार, कपाळ?"

"अगं, पण चांगला कीबोर्ड म्हणजे आवाज न करणाराच ना?"

"तुझ्या ऑफिसात असेल. या घरात नाही."

त्याने जीभ चावली. बिचारा मनाने चांगला आहे, फक्त उशिरा कळतं.

दुपारी मी बँकेतून अर्धी रजा टाकली आणि अक्कांना घेऊन एस. पी. रोडला गेले. तिथे काँप्युटरचे सुटे भाग मिळतात, आणि आपल्याला हवं ते सोडून बाकी सगळं आधी दाखवतात. चार दुकानांत आम्हाला मऊ कीबोर्ड दाखवले आणि ते किती मऊ आहेत ते सांगितलं. आवाज करणारा हवा म्हटल्यावर एकजण आमच्याकडे बघून गालात हसला. मी त्याला पुणेरी उत्तर देणार होते, पण त्याला मराठी येत नव्हतं आणि माझं कन्नड भांडणापर्यंत पोचलेलं नव्हतं.

शेवटी एका बोळात दामोदर म्हणून एका दुकानदाराने आमचं ऐकून घेतलं. तो कन्नडात म्हणाला, "अम्मा, तुम्हाला मेकॅनिकल पाहिजे. प्रत्येक बटणाखाली वेगळी स्प्रिंग असते. हल्ली कुणी विचारत नाही." आणि त्याने फळीवरून धूळ झटकत एकेक खाली काढला. सगळे जुने, जडशीळ. एक तर मला दोन्ही हातांनी धरावा लागला.

"हा लहान घ्या," तो म्हणाला. "टेबलावर जागा कमी लागते."

अक्कांनी बघितला आणि बाजूला सारला. "उजवीकडचे आकडे कुठे गेले याचे? माझ्या मुलीला आकडेच मारायचेत. जागेचं काय, टेबल मोठं करते मी." कौशल्याला माझी मुलगी म्हणाल्या त्या. मी ऐकलं.

मग उरलेले ओळीने मांडले. दामोदरने एक-दोन बडवून दाखवायला घेतले, तर अक्कांनी त्याला थांबवलं. "इथून कुणालाही ऐकू येईल. मी पलीकडे उभी राहते. मनस्विनी, तू मार."

आणि त्या खरंच दुकानातून उतरल्या, बोळ ओलांडून पलीकडच्या वायरींच्या दुकानाच्या पायरीवर आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मधून स्कूटर जातायत, हमाल ओरडतायत, रिक्षावाला भोंगा वाजवतोय. आणि आमच्या अक्का पदर खोचून, मान जराशी कलती करून, चुलीसमोर उभ्या राहाव्यात तशा उभ्या. रस्त्याने जाणारे वळून बघत होते. बघू देत. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की मी दामोदरला सांगून टाकलं, "या माझ्या सासूबाई."

माझ्याही डोक्यात एक होतं. कानांबद्दल त्यांना अजून खात्री नव्हती, आणि मी नुसतं सांगून त्या मानणाऱ्यातल्या नव्हेत. म्हणून मी ठरवलं, मारताना एक बोट मुद्दाम ढिलं सोडायचं आणि त्यांना सांगायचं नाही.

पहिला कीबोर्ड घेतला. काय तो आवाज! फटाक्यांची माळच. हमालसुद्धा थांबला. मी डावी करंगळी ढिली ठेवून दोन ओळी मारल्या. अक्कांनी न वळताच हात हलवला. "नको तो. चुकलं तरी शाबास म्हणतोय, नाही चुकलं तरी शाबास म्हणतोय. नुसता बडबड्या."

दुसरा घेतला. त्यांनी बराच वेळ ऐकलं, पण माझी ढिली करंगळी काही त्यांना सापडली नाही. खांदे जरा खाली आले. मला ते दिसलं. याही दुकानात नाही मिळाला तर या बाई बोर्ड उतरवतील, आणि परत कधी लावणार नाहीत.

तिसरा तो जड, दोन्ही हातांनी धरायचा. रंग ताकासारखा पिवळट पडलेला. मी पहिलं बटण दाबलं तसं बोटाखाली काहीतरी खट् करून सुटलं आणि वर आलं. नेमकं, स्वच्छ. मोठा नव्हता आवाज, पण भरीव होता. मी घाईघाईने मारत सुटले, आणि या वेळी करंगळी नीट ठेवून उजवं तिसरं बोट ढिलं सोडलं. एक ओळ झाली. दुसरी अर्धी झाली.

"मनस्विनी!" बोळाच्या पलीकडून हाक आली, अशी की वायरीवाल्याच्या हातातलं भेंडोळं पडलं. "उजवं तिसरं बोट मेलं का तुझं? पुण्याहून आल्यापासून सांगतेय मी!"

मला रडूच आलं. दुकानात, दामोदरच्या समोर, मी घळाघळा रडले. अक्का रिक्षा-बिक्षा न बघता बोळ ओलांडून आल्या. "काय झालं गं? स्वल्प बोलले तर एवढं?"

"मुद्दाम केलं मी ते, अक्का. मुद्दाम ढिलं सोडलं. तुम्हाला ऐकू आलं!"

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मग कीबोर्डाकडे. त्यांनी स्वतः एक बोट ठेवलं, डावी करंगळी, हळूच दाबली, आणि मग जरा नीट. दोन्हींचा आवाज वेगळा आला. त्यांचा चेहरा लग्नाच्या फोटोतल्यासारखा झाला. "हा खोटं बोलत नाही," म्हणाल्या. दामोदरने कीबोर्डाच्या वायरीची जाड पिन आमच्या काँप्युटरला बसणार नाही म्हणून मध्ये लावायचा एक जोड फुकट दिला. वर म्हणाला, "अम्मा, माझ्या मुलीला पाठवू का क्लासला?"

"सकाळी पाठव," अक्का म्हणाल्या. "आंघोळ करून."

दुसऱ्या दिवसापासून घर परत जाग्यावर आलं. बाहेर खटखट, आत फोडणी. "कौशल्या, करंगळी!" "कौशल्या, सातावर जा, घाबरतेस काय, खाऊन टाकणार आहे का तो?" पहिल्या दिवशी एवढी बोलणी खाल्ल्यावर कौशल्या डोळे पुसत मला म्हणाली, "ताई, बरं वाटलं." अण्णांची पूजासुद्धा वेळेत व्हायला लागली. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, अण्णांनी टाइपरायटरांच्या रांगेत तो पिवळट कीबोर्ड ठेवला, कडेला कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. बोर्ड उतरवायचं नाव कुणी काढलं नाही. पण मला ठाऊक होतं, अक्कांनी ते पुढे ढकललंय एवढंच. कौशल्या नापास झाली असती तर बाई स्वतः स्टुलावर चढल्या असत्या.

परीक्षेच्या आधी कौशल्याने विचारलंच. "अक्का, तिथे असा कीबोर्ड नसेल. तिथे मऊच असतील. मग?"

अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून म्हणाल्या, "तू मार. बाकी बघू." रात्री मात्र त्या जेवल्या नाहीत नीट.

निकाल लागायची सकाळ. अक्का मडीत, कढईशी. मी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या बाहेर, माझ्या नेहमीच्या लांबच्या जागी. फाटक वाजलं आणि कौशल्या धावतच आत आली. चपला काढायचंसुद्धा भान नव्हतं तिला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबली, धापा टाकत.

"पास झाले, अक्का! घेतलं मला!"

अक्कांच्या हातातला झारा तसाच राहिला.

"तिथे सगळे मऊच होते कीबोर्ड. काही म्हणजे काही आवाज नाही. एवढी मोठी खोली, सगळ्या बायका मारतायत, आणि सगळं गुपचूप. मी घाबरले. हातच चालेना. आणि मग," ती हसायला लागली आणि रडायलाही लागली, "मग मला तुम्ही ऐकू आलात. कौशल्या, करंगळी! कौशल्या, सातावर जा! शेवटपर्यंत तुम्ही ओरडतच होतात, अक्का."

ती नमस्काराला वाकली, आणि मध्येच तिला आठवलं. तशीच अर्धवट वाकलेली, हात मागे घेऊन, लांबूनच कपाळ जमिनीकडे नेत म्हणाली, "मडीत आहात. विसरले."

अक्कांनी झारा खाली ठेवला. त्या मागे सरल्या नाहीत. उंबरा ओलांडून बाहेर आल्या, वाकल्या, आणि कौशल्याचा डावा हात हातात घेतला. तिची करंगळी आपल्या मुठीत घट्ट धरली. देवघरात अण्णांची घंटा थांबली. मी कप हातात धरून उभी. या घरात आल्यापासून असं काही मी पाहिलं नव्हतं. अक्का ती करंगळी सोडत नव्हत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग त्यांनी नाक ओढलं आणि माझ्याकडे बघितलं.

"बघत काय उभी राहिलीस, मनस्विनी? पाणी तापव. परत आंघोळ आली मला."